विमान, पंखा आणि मळसूत्र

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक पेणला शिकवतो, दुसरा रोह्याला. दोन गावांच्या मध्ये नागोठणे आणि भिसे खिंड एवढेच काय ते अंतर असल्यामुळे पदव्युत्तर वर्गाची काही चर्चासत्रे आम्ही एकत्र घेतो. अशाच एका चर्चासत्राचा विषय ‘मराठीतील विमानकथा’ असा ठेवला होता. विद्यार्थ्यांनी पुष्पकापासून प्रारंभ केला, तुकोबांच्या वैकुंठगमनापाशी ते थोडे रेंगाळले, शिवकर बापूजी तळपदे यांच्याविषयी अभिमानाने बोलले आणि शेवटी कांदिवलीच्या गच्चीवर तयार झालेल्या विमानापाशी येऊन थांबले. निबंध चांगले होते. टाळ्याही पडल्या.

सगळे पांगल्यावर रोह्याचा एक विद्यार्थी मागे राहिला. त्याचा थोरला भाऊ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगची कामे घेतो. त्याने मोटारसायकलच्या इंजिनावर एका माणसापुरते उडते यंत्र करायला घेतले होते. सांगाडा उभा राहिला होता आणि पंखा ओळखीच्या सुताराकडून सागवानी फळीतून कोरून घेतला होता. विद्यार्थ्याने संकोचत विचारले, ‘‘सर, पंखा घरी केलेला चालतो का?’’

आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन तास विमानांवर बोलूनही त्या सभागृहात पंख्याचा उल्लेख एकदाही झाला नव्हता, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उणिवेची भरपाई होय. आम्ही अभियंते नव्हेत. मात्र विमानाच्या इतिहासात पंख्याच्या पात्याला असलेल्या पिळाने, म्हणजे ज्याला ‘पिच’ म्हणतात त्याने, केवढी जागा व्यापली आहे आणि आपल्या कथांमधून तो पीळ कसा निसटला आहे, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत बसते असे आम्हांस वाटते.

शब्दांचा वारसा

मराठीला विमान हा शब्द प्रत्यक्ष विमानाच्या कितीतरी आधी मिळाला. नव्या यंत्रासाठी युरोपीय भाषांना एकोणिसाव्या शतकात ग्रीक-लॅटिन धातू जोडून शब्द घडवावे लागले. आपल्याकडे देवांचे वाहन शब्दासकट तयार होते. ही सोय जशी मोठी, तशीच तिची किंमतही मोठी. पुष्पक इच्छेने चालते. तुकोबांना न्यायला येणारे विमान भक्तीच्या बळावर येते. १९३६ साली ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात दामले-फत्तेलाल यांनी हे विमान गरुडाच्या रूपात दाखवले, आणि ते दृश्य मराठी मनात असे ठसले की वैकुंठगमन म्हटले की अनेकांना आजही तोच गरुड आठवतो. या परंपरेत विमानाला इंजिन नसते, पंखा नसतो. असतो तो फक्त अधिकार: पात्र असेल तो उडतो.

पुढे खरे विमान आले तेव्हा त्याच्या नाकावर फिरणाऱ्या वस्तूला आपण सहजच ‘पंखा’ म्हणालो. पण पंखा म्हणजे वारा घालणारा. घरातला पंखा छताला जखडलेला असतो आणि हवा ढकलून मोकळा होतो. विमानाचा पंखा हवा मागे सारतो आणि त्या प्रतिक्रियेने विमानाला आपल्याबरोबर पुढे ओढतो. त्याच्या या कामाला जवळचा असा एक जुना मराठी शब्द होता, तो म्हणजे मळसूत्र. मोल्सवर्थच्या कोशात तो स्क्रू या अर्थाने सापडतो. गोल फिरत वर जाणाऱ्या जिन्याला आपण अजूनही मळसूत्री जिना म्हणतो. इंग्रज खलाशीदेखील जहाजाच्या पंख्याला स्क्रूच म्हणत. पेणकरांच्या आजोबा-पणजोबांनी मुंबईहून धरमतरच्या खाडीत येणाऱ्या बोटींवर पाणी घुसळले जाताना पाहिले होते. पाण्यात फिरणारे ते मळसूत्र आणि हवेत फिरणारा विमानाचा पंखा ही एकाच कुळातली भावंडे.

मळसूत्र हा शब्द गेला त्याबरोबर त्यात दडलेला एक हिशेबही गेला. स्क्रू एका फेऱ्यात किती आत शिरतो, हा त्याचा मुख्य गुण. आट्यांमधले हे अंतर म्हणजे पिच. धाटावचा कोणताही फिटर नट-बोल्ट निवडताना प्रथम हेच पाहतो. विमानाच्या पंख्याचाही मुख्य गुण हाच, पण ‘पंखा’ म्हटल्यावर तो प्रश्न मनात उमटत नाही.

चौपाटीवरील आख्यायिका

तळपदे यांची कथा वाचकांस ठाऊक असेलच. १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विमान पंधराशे फूट उंच उडवले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तेथे उपस्थित होते, असे सांगितले जाते. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्यावरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही आला. या कथेला आधार देणारा विश्वसनीय समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ च्या दरम्यान सांगितलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशीही ती पुढे जोडली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तळपदे यांना खोटे पाडण्यात आम्हांला रस नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील एक मराठी माणूस उड्डाणाच्या वेडाने झपाटला होता, एवढी गोष्टही आदरास पात्र आहे. आमचे लक्ष कथेच्या घडणीकडे आहे. विमान किती उंच गेले हे कथा सांगते, प्रेक्षकांत कोण होते हे सांगते, ब्रिटिशांनी डाव कसा साधला तेही सांगते. पंखा होता का, किती लांबीचा होता, मिनिटाला किती फेरे घेत होता, हे ती सांगत नाही, आणि ऐकणाराही विचारत नाही. पुष्पकाच्या कथेची हीच घडण येथे पुन्हा आली आहे. बदल झाला तो एवढाच, की देवांच्या जागी देशाभिमान आला.

एका फेऱ्याचा हिशेब

आता पिच म्हणजे काय ते थोडे सावकाश पाहू. समजा पंख्याचा व्यास दीड मीटर आहे आणि तो एका फेऱ्यात सव्वा मीटर पुढे जाईल अशा पिळाचा आहे. मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०. तेव्हा सेकंदाला ५० मीटर, तासाला १८० किलोमीटर. हा झाला कागदावरचा वेग. हवा लाकडासारखी घट्ट नसल्यामुळे मळसूत्र तिच्यात थोडे घसरते आणि प्रत्यक्षातील वेग कमी पडतो.

पात्याचे टोक एका फेऱ्यात मोठे वर्तुळ कापते, मध्याजवळचा भाग लहान. पण दोघांनी पुढे जायचे ते सारखेच, सव्वा मीटर. म्हणून मध्यापासून पाव मीटरवर पात्याचा कोन सुमारे साडेअडतीस अंशांचा लागतो, तर टोकाशी अवघा पंधराचा. पाते पिळलेले दिसते ते याच कारणाने. पंख्याचा कोन सामान्यतः मध्यापासून तीन-चतुर्थांश अंतरावर मोजतात. आपल्या पंख्यात तेथे तो साडेएकोणीस अंश भरेल. तो दोन अंशांनी वाढवला तर पंखा फेऱ्यामागे चौदा सेंटिमीटर जास्त पुढे जाऊ पाहतो आणि इंजिनावर तेवढा भार चढतो. दोन अंश म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरक.

भिसे खिंड चढणाऱ्या एस.टी.चे उदाहरण घेऊ. चालक खालचा गिअर टाकतो तेव्हा इंजिन जोरात फिरते आणि गाडी हळू पण दमदार चढते. सपाटीला लागल्यावर वरचा गिअर. पंख्याचा कमी पीळ हा खालचा गिअर होय आणि जास्त पीळ हा वरचा. ज्या पंख्याची पाती एकाच कोनात पक्की बसवलेली असतात, त्याला आयुष्यभर एकच गिअर असतो. पीळ जास्त असेल तर इंजिनाचे फेरे पुरेसे चढत नाहीत, धावपट्टी संपत येते तरी विमान जमीन सोडत नाही, आणि सोडलीच तर पुढच्या झाडावरून जाण्याइतकी चढण त्याला साधत नाही. पीळ कमी असेल तर विमान चटकन उठते, पण वेग वाढताच इंजिन मर्यादेबाहेर फिरू लागते. पहिल्या चुकीचा अनुभव धावपट्टीच्या शेवटी येतो, दुसरीचा आकाशात.

यात आणखी एक बळ असते, जे आपल्याला दिसत नाही. दोन किलो वजनाचे पाते, त्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून तीस सेंटिमीटरवर, फेरे मिनिटाला २४००. हे पाते बाहेरच्या दिशेने सुमारे ३८०० किलो वजनाइतक्या ओढीने ताणलेले असते. दोन्ही पाती सारखी असतात तोवर ही ओढ तोलून राहते. एका पात्याचा तुकडा उडाला तर तोल जातो आणि इंजिन आपल्या बैठकीसकट उखडले जाऊ शकते.

राइट बंधूंचा पंखा

राइट बंधूंचे चरित्र आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून ‘सायकल दुरुस्त करणारे दोन भाऊ’ असे पोचले. त्यांच्या कामाचा सर्वांत कठीण भाग पंखा हा होता, हे त्या पानांवर नसते. जहाजांच्या मळसूत्राचे शास्त्र तयार असेल आणि ते हवेला लावता येईल, अशी त्यांची समजूत होती. ग्रंथालये धुंडाळल्यावर कळले की जहाजबांधणीतही सारे अनुभवावरच चालते. उपयोगी पडेल असे गणित कोणी मांडलेलेच नाही. मग भावाभावांत महिनोन्महिने वाद झाला. वाद इतका रंगे की शेवटी दोघांनी आपापली बाजू सोडून दुसऱ्याची घेतलेली असे. त्यातून निघालेली कल्पना अशी: पंखा म्हणजे मळसूत्राच्या वाटेने फिरणारा विमानाचा पंखच होय. त्यांनी स्प्रूसच्या फळ्या एकावर एक चिकटवून सुमारे साडेआठ फुटी दोन पंखे हाताने तासले. केवळ बारा अश्वशक्तीच्या इंजिनाने ते विमान उठले, कारण पंखे त्या शक्तीचा बहुतांश भाग कामी लावत होते. त्याही आधी, नोव्हेंबर १९०३ मध्ये, पंख्याच्या पोकळ दांड्याला तडा गेला होता. ऑर्व्हिल किटी हॉकहून डेटनला परतले, भरीव पोलादी दांडे घेऊन आले आणि मगच १७ डिसेंबरचे उड्डाण झाले. तडा दिसला तेव्हा काम थांबले, ही गोष्ट आम्हांला त्या बारा सेकंदांइतकीच ऐतिहासिक वाटते.

पाच वर्षांनी, १७ सप्टेंबर १९०८ रोजी, वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल सैन्याला प्रात्यक्षिक दाखवत होते. पंखे थोडे अधिक लांबीचे, नवे बसवलेले होते. उड्डाणात एका पात्याला चीर गेली, त्याची ओढ कमी झाली, दोन पाती असमान झाली, पंखा थरथरू लागला आणि मागच्या सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेत अडकला. विमान कोसळले. ऑर्व्हिल जबर जखमी झाले आणि सोबत बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला हा पहिला मृत्यू. त्याच्या मुळाशी पंखाच होता.

कोन बदलता येऊ लागला तेव्हा

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते पस मॉथ विमानातून. त्याचा पंखा एकाच कोनाचा, म्हणजे एकाच गिअरचा होता. त्या काळी सर्रास तसेच असत. विमाने वजनदार होऊ लागली तशी ही मर्यादा जाचू लागली. अमेरिकेत बोइंग २४७ हे नवे प्रवासी विमान रॉकी पर्वताच्या बाजूच्या उंच तळांवरून भरल्या वजनाने उठताना अडखळू लागले. हॅमिल्टन स्टँडर्डच्या फ्रँक कॉल्डवेल यांनी उड्डाणात कोन बदलता येणारा पंखा कारखान्यातून बाहेर आणला होता. तो बसवल्यावर विमान उठण्याचे अंतर घटले आणि पुढचा वेगही वाढला. १९३३ सालचा कॉलियर सन्मान या पंख्यासाठी दिला गेला.

कोन बदलता येऊ लागल्याने एक प्रश्न सुटला आणि दुसरा जन्मला: कोन चुकीचा बदलला गेला तर? इंजिन बंद पडल्यावर पाती वाऱ्याला समांतर करण्याची सोय असते, म्हणजे थांबलेला पंखा हवेला अडवत नाही. हीच सोय चुकीच्या क्षणी वापरली गेली तर चालू इंजिनही विमानाला ओढू शकत नाही. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे यती एअरलाइन्सचे एटीआर विमान उतरता उतरता कोसळले आणि त्यातील सर्व ७२ जण मृत्यू पावले; त्यांत पाच भारतीय होते. पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली करायच्या दांड्याऐवजी दोन्ही पंख्यांचे कोन बदलणारे दांडे ओढले गेले, असे चौकशीत निष्पन्न झाले. इंजिने चालू होती, पंखे फिरत होते, पण पात्यांना हवेत पकड उरली नव्हती. कारखान्यात घडलेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या, प्रशिक्षित वैमानिकांच्या हातातील विमानाची ही कथा. मग घरी केलेल्या विमानाचे काय?

घरचा कारखाना

घरी विमान करण्याची परंपरा विमानाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९५३ साली अशा हौशी निर्मात्यांची संघटना मिलवॉकी येथे स्थापन झाली आणि आज तेथे घरी केलेली हजारो विमाने उडतात. निम्म्याहून अधिक काम हौशी हातांनी झालेले असावे, अशी अट असते. आमच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय नियम वेगळा आहे. असे विमान तयार झाल्यावर काही तास ते ठरावीक क्षेत्रात, प्रवासी न घेता, चाचणी म्हणून उडवावे लागते. इंजिन आणि पंखा यांची जोडी आधीच प्रमाणित असेल तर परंपरेने पंचवीस तास. नसेल तर चाळीस. या नियमात सुटे इंजिन आणि सुटा पंखा यांपेक्षा त्यांच्या जोडीला महत्त्व आहे. उत्तम इंजिन आणि उत्तम पंखा एकत्र आले तरी जोडी वाईट ठरू शकते, कारण ठरावीक फेऱ्यांवर एकाची थरथर दुसऱ्याच्या थरथरीला साथ देते आणि पाते आतून थकत जाते. लग्नाच्या बाबतीत हे आपल्याला मान्य असते, यंत्राच्या बाबतीत सहसा ध्यानात येत नाही.

पात्यांचा कोन जमिनीवर हाताने बदलता येईल असेही पंखे हौशी विमानांत बरेच वापरतात. त्यांची मेख अशी की दोन्ही पात्यांचे कोन अचूक सारखे बसवावे लागतात. एका पात्याचा कोन दुसऱ्याहून जास्त झाला तर एक जास्त ओढते, दुसरे कमी. पंख्याचे वजन तंतोतंत तोललेले असले तरी थरथर सुरू होते. बोल्ट सैल होतात, बैठकीला तडे जातात. चालकाला वाटते, इंजिन खडखडते आहे.

लाकडी पंख्याच्या बाबतीत तर आपल्या कोकणाचा पावसाळा हाच मोठा परीक्षक. पेण-रोह्याच्या घरांत जुलै महिन्यात दारे फुगून चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर तीच दारे फटी दाखवू लागतात. पंख्याचे लाकूडही तसेच वागते. दमट हवेत ते फुगते, बोल्टाखालचे तंतू चेपले जातात. कोरड्या हवेत ते आकसते आणि पावसाळ्यात घट्ट असलेला बोल्ट न फिरवताच सैल होतो. म्हणून लाकडी पंख्याचे बोल्ट ऋतू पालटताना ठरलेल्या पिळाने पुन्हा तपासावेत, असा जगभरचा दंडक आहे. ज्या सुताराने पेणच्या गणपतींचे पाट केले असतील, त्याला लाकडाचे हे वागणे आपल्याहून चांगले ठाऊक असते. पाट मात्र मिनिटाला २४०० फेरे घेत नाही.

फुलसावंगी आणि कांदिवली

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे एका चोवीस वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. तो पत्र्याची आणि वेल्डिंगची कामे करी. शाळा लवकर सुटली होती. मारुती ८०० चे इंजिन वापरून त्याने सुमारे दोन वर्षे खपून एक हेलिकॉप्टर उभे केले होते. चाचणीच्या वेळी मागच्या लहान पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि मोठ्या पंख्याचा आघात त्या तरुणाच्या डोक्यावर झाला. हेलिकॉप्टरचा मागचा पंखा म्हणजे आडवा बसवलेला प्रोपेलरच. वरचा पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला आवरणे हे मागच्या पंख्याचे काम, आणि चालक पायाने त्याच्या पात्यांचा कोन कमी-अधिक करत राहतो. म्हणजे सेल्फ्रिजच्या मृत्यूनंतर एकशे तेरा वर्षांनी, तशाच तुटलेल्या पात्याने आपल्याकडे एक माणूस नेला.

बातम्यांत त्याला ‘रँचो’ म्हटले गेले. त्याच्या जिद्दीला सलाम झाले. आमच्या चर्चासत्रात मात्र त्याचे नाव कोणी घेतले नाही, कारण विमानकथेच्या घडणीत जो उडत नाही त्याला जागा नसते.

आता कांदिवलीची कथा. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. १९९८ च्या सुमारास त्यांनी विमान बांधायला घेतले. पहिले दोन प्रयत्न उडण्यापर्यंत पोचले नाहीत. तिसरे, सहा आसनांचे विमान चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर आकाराला आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणाची परवानगी, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या विमानतळावर ते हवेत उठले. सुरुवातीपासून बावीस वर्षे गेली.

विद्यार्थ्यांच्या निबंधात ही बावीस वर्षे ‘लालफितीशी झुंज’ या एका शब्दसमूहात आली होती. झुंज होती यात शंका नाही. परंतु ती वर्षे केवळ अडथळ्याची होती असे मानले, तर फुलसावंगीची घटना आपल्याला समजणार नाही. यादव यांच्याकडे वैमानिकाचा परवाना होता, विमानाशी रोजचा संबंध होता, विचारता येतील अशी जाणकार माणसे होती, धावपट्टी होती आणि नको असली तरी डोक्यावर तपासणारी यंत्रणा होती. फुलसावंगीच्या तरुणाकडे यांतले काय होते? जिद्द दोघांकडे सारखीच होती असे धरले, तरी एकाच्या पात्याचा कोन आणि ताकद तपासायला कोणी होते आणि दुसऱ्याच्या नव्हते. जिद्दीची स्तुती करून आपण हा फरक झाकतो. अपयशाला जिद्दीचा अभाव आणि मृत्यूला नशीब ठरवणारी भाषा साहित्याच्या वर्गात आपण एरवी उघडी पाडतो. येथे आपण ती टाळ्या वाजवून ऐकली.

कंपासपेटीतील कोनमापक

रोह्याच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही प्रथम एवढेच सांगितले की, जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे होते, कारण ‘का’ हे आम्हांलाच सांगता येत नव्हते. काही आठवड्यांनी, थोडेबहुत वाचून झाल्यावर, आम्ही त्याच्या घरी गेलो. पंखा दीड मीटरचा होता, सुरेख घासलेला, पॉलिश केलेला. मध्यावर तोलून धरला तर काटा हलू नये असा समतोल. भावाला त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

धाकट्याने कंपासपेटीतील कोनमापक आणला, त्याला दोरा आणि नट बांधून ओळंबा केला. मध्यापासून छपन्न सेंटिमीटरवर दोन्ही पात्यांवर खुणा केल्या. एक पाते एकोणीस अंश भरले, दुसरे बावीस. पुन्हा मोजले, तेच आले. मग आम्ही चौघांनी वहीच्या मागच्या पानावर गणित केले. एक पाते फेऱ्यामागे एक मीटर बावीस सेंटिमीटर जाऊ पाहत होते, दुसरे एक मीटर त्रेचाळीस. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ एका वितीचा फरक, आणि असे फेरे सेकंदाला चाळीस. थोरला भाऊ बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. वेल्डिंग करणाऱ्या माणसाला वितीचा फरक म्हणजे काय हे आम्ही समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो पंखा सध्या त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर टांगलेला आहे. यंत्राचे पुढे काय करायचे, हे तो परवानाधारक माणसांना विचारून ठरवणार आहे.

पेणच्या बाजूला आता आकाशात विमाने अधिक दिसतात. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. त्यांतील बहुतेकांचा पंखा गोल आवरणाच्या आत दडलेला असतो, खालून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. यंदाच्या चर्चासत्राचा विषय आम्ही बदललेला नाही, पण प्रारंभ पुष्पकापासून न करता विमान या शब्दाच्या व्युत्पत्तीपासून करायचे ठरवले आहे. हा शब्द ‘वि’ उपसर्ग आणि ‘मा’ या धातूपासून सिद्ध होतो. आपण त्यातले आकाश तेवढे लक्षात ठेवले. ‘मा’ या धातूचा अर्थ आहे मोजणे.